कपाटाची किल्ली

(एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत केलेलं भाषण. खोकले, माईकची शिट्टी आणि मधे गेलेली वीज वगळून बाकी बहुतेक तसंच ठेवलं आहे.)

अध्यक्षमहोदय आणि मंडळी,

माझ्या मागच्या फ्लेक्सकडे सगळ्यांचं लक्ष गेलेलंच आहे, तेव्हा ते आधी मिटवून टाकू. मी दिलेला विषय होता ‘राजकारण : पेशा की पाळी?’ फ्लेक्सवाल्याने छापलंय ‘पेशवा की पाळी?’ सकाळी संयोजकांचा फोन आला, बदलून घेऊ का? मी म्हटलं, राहू द्या. पेशवेपदही सुरुवातीला नेमणुकीचंच होतं, बाळाजी विश्वनाथांच्या घरात गेलं आणि मग तिथेच राहिलं. फ्लेक्सवाला फारसा चुकलेला नाही.

विषय साधा आहे. एकाच माणसाने किती वेळा सत्तेवर बसावं, याला कायद्याने काही मर्यादा असावी का? पारावर याची उत्तरं तयार असतात. एक जण म्हणतो, दोनदा झालं की घरी बसवा, नाहीतर बूड खुर्चीला चिकटतं. दुसरा म्हणतो, अहो, डॉक्टर जुना बघून निवडता, न्हावीसुद्धा जुना बघता, आणि राज्य चालवायला मात्र नवशिका पाहिजे होय? मग दोघं जेवायला घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथूनच पुढे चालू. मला विचाराल तर हे भांडण मुदतीचं नाहीच. सरकार म्हणजे कसलं काम, याची दोघांच्या डोक्यात दोन निरनिराळी चित्रं आहेत.

पाटाचं पाणी ज्यांच्या शेतात येतं त्यांना शेजपाळी समजावून सांगायला नको. पहिल्याच्या डोक्यातलं सरकार म्हणजे शेजपाळी. आज तुझी पाळी, परवा माझी. कुणाला जास्त कळतं हा सवालच नाही, पाणी सगळ्यांचं आहे. दुसऱ्याच्या डोक्यातलं सरकार म्हणजे पाटकऱ्याचं काम. दार किती उचललं की शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं, पाट कुठे फुटतो, रात्री कोण चोरून दार उघडतं, हे ज्याला ठाऊक त्याला हलवू नका. आता गंमत अशी की एकाच पाटावर दोन्ही लागतात. पाळी फिरती आणि पाटकरी ठरलेला. भांडण लागतं ते पाटकरी स्वतःला पाण्याचा मालक समजायला लागला म्हणजे.

अथेन्सच्या लोकांना हे अडीच हजार वर्षांपूर्वी उमगलं होतं. बहुतेक सगळी पदं ते चिठ्ठ्या टाकून भरत, एका वर्षापुरती. ५०० जणांच्या त्यांच्या मंडळावर एका माणसाला उभ्या आयुष्यात दोनदाच बसता येई. पण सेनापती मात्र मतदानाने, आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा चालत असे. पेरिक्लीस सलग १५ वर्षं निवडून आला. आणखी दोनतीनच पदं होती जी ते चिठ्ठीवर सोडत नसत. त्यातलं एक ऐका. गावातल्या झऱ्यांवर, पाण्यावर देखरेख करणाऱ्याचं पद. मी दुष्काळी तालुक्यात नोकरी केलेला माणूस. हे वाचलं त्या रात्री मला त्या अथेन्सवाल्यांबद्दल भावकीतल्यासारखा जिव्हाळा वाटला.

मी कोण, हे अध्यक्षांनी सांगितलं, पण फार मोठं करून सांगितलं. मी ३३ वर्षं ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणतात. मी निवृत्त झाल्यावर मग सरकारला ते नाव सुचलं, त्याला इलाज नाही. सात गावं आणि चौदा सरपंच पाहिले. गावाने मला कधी नावाने हाक मारली नाही. ग्रामसेवक म्हणजे भाऊसाहेब. बायकोसुद्धा रागावली की भाऊसाहेबच म्हणते.

तर मर्यादेबद्दल. लोकांना वाटतं आपल्याकडे मुदतीची मर्यादा ही कल्पनाच नाही, ती अमेरिकेची. तसं नाही हो. मर्यादा आपल्याकडे भरपूर आहेत, फक्त त्या कुणाला आहेत ते बघा. सरकारी नोकराला आहे. २००५ चा बदल्यांचा कायदा सांगतो, एका जागी साधारण तीन वर्षं. (मी एका गावात पाच वर्षं होतो. कसा, ते विचारू नका.) सहकारी बँकेच्या संचालकाला आहे. २०२० मध्ये कायदा झाला, सलग ८ वर्षं झाली की उठा. मग बरीच कुरकुर झाली आणि २०२५ मध्ये ८ ची १० केली. क्रिकेट मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आहे. लोढा समितीचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केलं, एक मुदत झाली की तीन वर्षं घरी बसून थंड व्हा. तेही नंतर २०१८ मध्ये आणि मग २०२२ मध्ये सैल होत गेलं. आणि सरपंचाला आहे. कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नाही, पण आहे, त्याच्याकडे येतोच.

कुणाला नाही? आमदाराला नाही, खासदाराला नाही, मंत्र्याला नाही, मुख्यमंत्र्याला नाही, पंतप्रधानाला नाही. राष्ट्रपतींनाही नाही. राजेंद्रप्रसाद दोनदा झाले, पुढे कुणाला दुसरी खेप मिळाली नाही, इतकंच. म्हणजे चेंडूफळीचा हिशेब ठेवणाऱ्याला सक्तीची विश्रांती आणि राज्याचा हिशेब ठेवणाऱ्याला हवं तितकं जागरण. हसू नका, पुढच्या रांगेत माजी झेडपी सदस्य बसलेत.

आता सरपंचाची मर्यादा. ७३ वी घटनादुरुस्ती झाली १९९२ मध्ये, लागू झाली एप्रिल १९९३ पासून. सरपंचपदाला आरक्षण आलं. बायकांना आधी एक तृतीयांश, महाराष्ट्रात २०११ पासून निम्मं. फार मोठी गोष्ट झाली, त्याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नाही. ज्या वाड्यावरून पिढ्यान्‌पिढ्या गाव चालत होतं तिथल्या माणसाला तहसीलच्या सोडतीने एका चिठ्ठीत गप्प केलं. पण चिठ्ठी दर पाच वर्षांनी फिरते. आरक्षणावर जो निवडून येतो त्याची पाच वर्षं झाली की पद दुसऱ्या प्रवर्गाला. म्हणजे ज्यांना पहिल्यांदाच खुर्ची मिळाली, नेमकी त्यांनाच एका मुदतीची मर्यादा. वाड्यावरच्याला कधीच नव्हती.

मी एका गावाचं सांगतो. मला दहाच मिनिटं लागतील. गावाचं नाव सांगत नाही, माणदेशाच्या अंगाचं आहे एवढं पुरे. २००५ च्या निवडणुकीत सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. एक काकी निवडून आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. चौथी पास. मी २००६ मध्ये तिथे रुजू झालो तेव्हा काकी सरपंच होत्या आणि खुर्चीत त्यांचे मालक बसत होते. काकी दाराशी सतरंजीवर. मालक सांगणार, मी लिहिणार, काकी सही करणार. सही करायला त्यांना पाऊण मिनिट लागायचं, आडनाव लांब होतं. तेवढा वेळ आम्ही दोघं पावसावर बोलायचो.

मला तेव्हा यात काही गैर वाटत नव्हतं, हे कबूल करतो. उलट बरं होतं. मालकांनाही काही कळत नव्हतं. ग्रामपंचायतीचं दप्तर म्हणजे नमुने, आजच्या हिशेबाने १ ते ३३. त्यातला नमुना ८, घरपट्टीचा, तेवढा गावाला माहीत असतो, कारण खिशाला लागतो. बाकी सगळ्या नमुन्यांचं कपाट आणि त्याची किल्ली माझ्या करदोड्याला. खरंच करदोड्याला, अलंकार म्हणून सांगत नाही, कारण खिशातून एकदा हरवली होती. काही मागणी आली आणि करायची नसली की मी एक वाक्य म्हणायचो. ‘नियमात बसत नाही.’ मंडळी, ३३ वर्षांत मला कुणी विचारलं नाही, कुठल्या नियमात. म्हणजे एकीनेच विचारलं.

२००७ चा उन्हाळा. गावाला टँकर सुरू झाला. टँकर येणार, गावविहिरीत ओतणार, खेपेगणिक लॉगबुकात नोंद आणि सही. एका सोमवारी काकी एकट्याच कार्यालयात आल्या. मालक बाजाराला गेलेले. हातात स्टीलची वाटी, वर पदर झाकलेला. मला वाटलं शिरा आणलाय. वाटी माझ्या टेबलावर ठेवली. आत जोंधळ्याचे दाणे.

‘‘भाऊसाहेब, ह्यात एकोणीस दाणं हायती. मोजा.’’

मी म्हटलं, कसले?

‘‘टँकर आला की एक दाणा टाकीत हुते. आठवडा झाला. तुमच्या वहीत किती खेपा हायत्या?’’

त्यांचं घर विहिरीच्या वाटेवर होतं. वहीत २६ होत्या. सात खेपा हवेत. आणि त्या सव्वीसच्या सव्वीस नोंदींखाली सही होती काकींची, कारण कोऱ्या पानांवर सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या होत्या. आणि त्या सहीशेजारी दुसरी सही होती, ती माझी.

मी काय म्हटलं असेल? सवयीने तोंडातून गेलं, ‘‘काकी, वही अशी दाखवणं नियमात बसत नाही.’’

त्या म्हणाल्या, ‘‘कुठला नियम, तेवढा वाचून दावा.’’

आता एक विषयांतर करतो, रागावू नका. सरपंच आणि ग्रामसेवक यांचं नातं नवराबायकोसारखं असतं असं आमच्या प्रशिक्षणात एक साहेब सांगायचे. बँकेत खातं दोघांच्या सहीचं, एकटा कुणी पैसा काढू शकत नाही. ते साहेब पुढे हेही सांगायचे की या संसारात नवरा दर पाच वर्षांनी बदलतो. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. त्या सोमवारी मला कळलं की तो विनोद नव्हता, तो आमच्या खात्याचा कारभार होता.

तर काकी शिकायला लागल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी मालक बाजारात, आणि काकी माझ्यासमोर खुर्चीत. आधी रोकडवही. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे. त्यांना ते पंधरा मिनिटांत कळलं, बचत गटाची वही त्या लिहितच होत्या. मग बिलं. मग मापं. गटाराचं काम झालं तेव्हा टेप घेऊन स्वतः उभ्या राहिल्या आणि ठेकेदाराला म्हणाल्या, ‘‘लांबी बरुबर हाय, खोली कुटं गेली?’’ मालक चौथ्या महिन्यात कार्यालयात यायचे थांबले. घरी काय झालं ते मला माहीत नाही, पण सतरंजी काढून ठेवली गेली. चौथ्या वर्षी अंदाजपत्रक मी लिहून आणलं तर त्यांनी त्यात माझी बेरीज चुकलेली दाखवली. मी माणूस प्रामाणिक आहे म्हणून सांगतो, मला त्या दिवशी आनंद वगैरे काही झाला नाही. माझा अपमान झाला. आनंद दोन दिवसांनी झाला.

पाचव्या वर्षी त्या तालुक्यात त्यांच्याइतकी कपाट जाणणारी सरपंच दुसरी नव्हती. आणि २०१० मध्ये तहसीलला सोडत निघाली. शाळेतली एक मुलगी बोलावतात, काचेच्या बरणीतून चिठ्ठी काढायला. तिने आमच्या गावाची काढली. सर्वसाधारण. आता सर्वसाधारण म्हणजे बाईलाही उभं राहता येतं, कायद्याने कुणी अडवलेलं नाही. पण गावाच्या भाषेत सर्वसाधारण म्हणजे गडी. ‘बायांची पाळी झाली की आता,’ हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की मलाही ते नियमातलं वाटायला लागलं. काकींचा वॉर्ड होता तोही सोडतीत भलत्याच प्रवर्गाला गेला. म्हणजे स्वतःच्या वॉर्डातून साधं सदस्यसुद्धा होता येईना. पाच वर्षं राबून तयार केलेला माणूस बाहेर.

नवा सरपंच पोरगेला होता, मनाने चांगला. पहिल्या दिवशी हार गळ्यात तसाच ठेवून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, ‘‘भाऊसाहेब, सही कुठं करू?’’

त्याच संध्याकाळी ठेकेदार पेढे घेऊन आला. मला वाटलं नव्या सरपंचासाठी. पेढे माझ्यासाठी होते.

मंडळी, मला आज बोलायचंय ते एवढंच होतं खरं म्हणजे. त्या गावात सरपंच बदलले, सदस्य बदलले, पुढे मीही बदललो. ठेकेदार तोच आहे. त्याला आरक्षण नाही, सोडत नाही, मुदत नाही. आणि किल्ली माझ्यानंतर माझ्यासारख्याच दुसऱ्या भाऊसाहेबाच्या करदोड्याला. खुर्चीवर बसणाऱ्याला मुदत घातलीत की सत्ता कमी होत नाही. ती खुर्चीवरून उठते आणि कपाटाशेजारी जाऊन उभी राहते.

चिठ्ठी आली. ‘पंधरा मिनिटं.’ म्हणजे ज्याला तुम्ही व्याख्यान म्हणता ते आता सुरू होतंय. भराभर घेतो.

अमेरिका. राष्ट्राध्यक्ष दोनदाच, हे आपल्याला पाठ आहे, पण तो नियम मूळ राज्यघटनेत नव्हताच. वॉशिंग्टन दोन मुदती झाल्यावर स्वतःहून घरी गेले, आणि तो पायंडा पुढे दीडशे वर्षं बहुतेकांनी पाळला. रूझवेल्ट चारदा निवडून आले, १९३२ पासून १९४४ पर्यंत, आणि पदावर असतानाच वारले. मग लोक घाबरले आणि १९५१ मध्ये २२ वी घटनादुरुस्ती झाली. हे झालं राज्य चालवणाऱ्याचं. काही राज्यांनी पुढे जाऊन आमदारांनाही मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये लोकांचं मतदान घेऊन ठरवलं, खालच्या सभागृहात सहा वर्षं, वरच्या सभागृहात आठ, बास. सगळ्यांना माहीत होतं की रोख सभापती विली ब्राउन यांच्यावर आहे, १९८० पासून ते सभापतीच्या खुर्चीवर होते. ते काय वनवासात गेले नाहीत, सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर झाले. आणि विधिमंडळात काय झालं? नवे आमदार सहा वर्षांसाठी येत. दोन वर्षं शिकण्यात जात, शेवटची दोन पुढची जागा शोधण्यात. अर्थसंकल्पाची गुंतागुंत कुणाला माहीत? खात्यांच्या अधिकाऱ्यांना, आणि कंपन्यांचे, संघटनांचे जे पगारी लॉबिस्ट विधिमंडळात वर्षानुवर्षं वावरत असतात त्यांना. ओळखलंत ना? भाऊसाहेब आणि ठेकेदार. कॅलिफोर्नियालाही. शेवटी २०१२ मध्ये त्यांनी नियम बदलला, एकूण १२ वर्षं, हवी तर सगळी एकाच सभागृहात काढा. म्हणजे शिकायला वेळ दिला. देशाच्या संसदेतल्या सदस्यांना मर्यादा घालायचा राज्यांचा प्रयत्न मात्र त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पाचास चार मतांनी रद्द केला.

मेक्सिको. हे मला फार आवडतं, पण दोनच मिनिटं घेतो. पोर्फिरिओ दियाझ नावाचा सेनानी ‘पुन्हा निवडणूक नको’ ही घोषणा देत बंड करून उठला आणि १८७६ मध्ये सत्तेवर आला. उतरला १९११ मध्ये, तोही दुसऱ्याने तीच घोषणा दिल्यावर! मग मेक्सिकोने असा धडा घेतला की राष्ट्राध्यक्ष एकदाच, सहा वर्षं, पुन्हा कधीच नाही. १९३३ पासून २०१४ पर्यंत आमदार-खासदारांनाही लागोपाठ दुसऱ्यांदा बंदी होती. इतकी कडक मर्यादा जगात क्वचितच कुठे असेल तेव्हा. आणि एकच पक्ष तिथे १९२९ पासून २००० पर्यंत, ७१ वर्षं सत्तेवर राहिला. का? ज्या खासदाराला पुन्हा त्याच मतदाराकडे जायचंच नाही, त्याने मतदाराकडे कशाला बघावं? त्याची पुढची नेमणूक पक्षाच्या हातात. तो तिकडेच बघणार. पारावरचा पहिला गृहस्थ हे विसरतो. ‘पुन्हा मत मागायला यावं लागेल’ ही भीतीसुद्धा एक लगाम आहे, आणि मर्यादेने तो लगामच कापला जातो.

आता दुसऱ्या गृहस्थाकडे, जो म्हणतो जुनाच बरा. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. अकरा वेळा आमदार, पहिल्यांदा १९६२ मध्ये. शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे मंत्रिपदाची थोडकी वर्षं सोडली तर जन्म विरोधी बाकावर. १९७२ मध्ये पडले, १९९५ मध्ये पडले. लोकांनी पाडलं आणि पुन्हा निवडलं. असा माणूस दोन मुदतींनंतर कायद्याने घरी पाठवला असता तर दुष्काळी भागाच्या पाण्याचा अर्धा इतिहास विधानसभेबाहेर बसला असता. पण दुसरी बाजूही त्याच श्वासात सांगतो. गोव्यात प्रतापसिंह राणे १९७२ मध्ये आमदार झाले, पन्नास वर्षं झाली म्हणून २०२२ मध्ये सरकारने त्यांना तहहयात मंत्रिपदाचा दर्जा देऊ केला. त्या वर्षी ते उभे राहिले नाहीत. पर्यें मतदारसंघातून निवडून आल्या त्यांच्या सूनबाई. सांगोल्यातही २०२४ मध्ये नातू आमदार झाले. दोन्हीकडे लोकांनी मतं दिली आहेत, माझी तक्रार नाही. मी फक्त म्हणतोय, माणसाला मर्यादा घातली तर घर पुढे येतं आणि नाही घातली तरी घर पुढे येतं. वतनं आपण कायद्याने मोडली. कुलकर्ण्याचं गेलं, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी काढून पगारी तलाठी नेमले. वतनाची ऊब काही कायद्याने गेली नाही.

आणि महाराष्ट्रात मुख्यमंत्र्याला मर्यादेची गरजच पडत नाही, ते काम दिल्ली आणि आमदार मिळून करतात. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५. त्यांच्यानंतर सलग पाच वर्षांची मुदत पुरी करणारा मुख्यमंत्री बघायला २०१९ उजाडलं. मुख्यमंत्री पटापट बदलले म्हणून कुणाच्या गावातली सत्ता बदलली का, ते तुम्हीच घरी जाऊन बघा.

चिठ्ठी. ‘पाच.’ बरं.

बाबासाहेबांचं सांगितल्याशिवाय उतरणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८, घटनासमितीत मसुदा मांडतानाचं भाषण. त्यांनी सांगितलं, अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. आपण जबाबदारी निवडली आहे. आपल्याकडे सरकारची परीक्षा दोनदा होते. एक मुदतीची, निवडणुकीत मतदार घेतो ती. दुसरी रोजची, सभागृहात प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास आणून सदस्य घेतात ती. म्हणून आपल्याकडे पंतप्रधानाला वर्षांची मर्यादा घातली नाही. ज्याला रोज घरी पाठवता येतं त्याला दहा वर्षांनी कशाला पाठवायचं? हिशेब बरोबर होता. पण १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला. आयाराम-गयाराम थांबवायला आला, कारण खरं होतं. पण त्याने पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्या सदस्याची सदस्यताच धोक्यात आणली. म्हणजे रोजच्या परीक्षेतले परीक्षकच बांधून ठेवले. राहिली ती पाच वर्षांची परीक्षा, आणि सगळा भार तिच्यावर. मर्यादेची मागणी आज लोकांच्या तोंडी येते ती यामुळे, असं मला वाटतं. रोज उतरवता येत नाही, म्हणून निदान दहा वर्षांनी तरी उतरवा.

तेव्हा माझं म्हणणं, एका दमात. सदस्याला मर्यादा नको. आमदार, खासदार, पंच, लोक निवडतील तितकी वर्षं बसू द्या, कपाट वाचायला शिकू द्या. मर्यादा ज्याच्या हातात किल्ली त्याला. मुख्यमंत्री, मंत्री, साखर कारखान्याचा चेअरमन, दहा वर्षं झाली की मागच्या बाकावर, आणि तिथून नव्या माणसाला प्रश्न विचारा. अनुभव सभागृहात राहील, किल्ली दुसऱ्याकडे जाईल. सरपंचपदाचं आरक्षण एका मुदतीचं न ठेवता दोन मुदतींचं ठेवा, तमिळनाडूने तसं केलेलं आहे. पहिली पाच वर्षं काकींनी शिकण्यात घालवली, दुसरी पाच कामाची झाली असती. पक्षाचा आदेश फक्त सरकार राहणार की पडणार एवढ्याच मतदानापुरता ठेवा, बाकी सदस्याला मोकळं सोडा. आणि एखाद्याला खरोखरच सोडतीत घालायचं असेल तर सगळ्यात आधी ठेकेदाराला घाला. यातलं प्रत्येक वाक्य खोडता येईल हे मला माहीत आहे. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला असता तर तुम्ही खोडलंही असतं.

काकींचं राहिलं. २०१० नंतर त्या कुठल्याही पदावर नाहीत. पण मी त्या गावात होतो तोवर, ग्रामसभेला दर वेळी पहिल्या रांगेत. वाचन सुरू झालं की हात वर. नवा सरपंच माझ्याकडे बघायचा, मी कागदांकडे. एकदा अंदाजपत्रकाचं वाचन मी जरा भरभर उरकत होतो, तर त्या उठून म्हणाल्या, ‘‘भाऊसाहेब, मागलं पान.’’ गेल्या वर्षी त्यांच्याकडे लग्नाला गेलो होतो. आताचा ग्रामसेवकही आला होता, तरुण मुलगा. मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, ‘‘त्या काकी तुमच्या वेळीही अशाच होत्या का?’’

तिसरी चिठ्ठी आली आहे, आणि हिच्यावर नुसतं ‘चहा’ लिहिलंय. अध्यक्षमहोदय, आपण या वाचनालयाचे अध्यक्ष आहात त्याला यंदा बावीस वर्षं झाली असं मघाशी निवेदकांनी अभिमानाने सांगितलं. त्याबद्दल मी मुद्दामच काही बोललो नाही. ग्रंथालयाच्या कपाटांच्या किल्ल्या कुणाकडे असतात, तेवढं मला चहा घेताना सांगा.